शेलचा साज आणि शेलची भाषा

संगणकाच्या वर्गात लिनक्सचा परिचय झाला, टर्मिनलच्या काळ्या चौकटीत पहिल्या चार-सहा आज्ञा देता येऊ लागल्या, की विद्यार्थ्यांच्या मनात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. पहिला, निरनिराळ्या शेलांपैकी श्रेष्ठ कोणता? दुसरा, मित्राच्या पडद्यावर रंगीत ओळी, बाण आणि चित्रे दिसतात, तशी आपल्या पडद्यावर कशी आणावी? दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत, आणि ते विचारणारा विद्यार्थी जिज्ञासू असतो यात शंका नाही. परंतु या प्रश्नांची जी उत्तरे आज सर्रास दिली जातात ती आम्हांस अपुरी, किंबहुना काही अंशी अपायकारक वाटतात. म्हणून या विषयावर दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. शेलचा साज ज्याचा त्याने खुशाल करावा. मात्र तो स्वतःच्या हाताने आणि ओळन्‌ओळ समजून करावा. आणि जे दुसऱ्यासाठी लिहावयाचे, ते सर्वांच्या ओळखीच्या प्रमाण शेलच्या भाषेतच लिहावे.

प्रथम शेल म्हणजे काय ते पाहू. युनिक्स जातीच्या कोणत्याही संगणकात स्मृती, तबकडी, कळफलक यांचा कारभार पाहणारा जो मुख्य भाग असतो त्याला कर्नल म्हणतात. कर्नल म्हणजे गर. त्या गराभोवती जी करवंटी असते, ती म्हणजे शेल. आपण बाहेरून आज्ञा लिहितो. शेल ती वाचतो, तिचे तुकडे पाडतो, कोणता प्रोग्रॅम हवा ते ठरवितो आणि कर्नलकरवी तो चालवितो. 'शेल' हा शब्द या अर्थाने लुई पूझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने १९६५ च्या सुमारास मल्टिक्स या प्रणालीच्या संदर्भात योजला. पुढे अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा जन्म झाला, तेव्हा केन थॉम्प्सन यांनी तिच्यासाठी जो शेल लिहिला त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती. हा शेल कर्नलचा भाग नव्हता. तो इतरांसारखाच एक साधा प्रोग्रॅम होता. साहजिकच ज्याला तो पसंत नसेल त्याने दुसरा लिहावा, ही मोकळीक पहिल्या दिवसापासून मिळाली. आज शेलांची जी गर्दी दिसते आणि त्यांच्यावरून जे वाद रंगतात, त्यांचे मूळ या मोकळिकीत आहे.

शेलला दोन कामे करावी लागतात, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही. एक काम बोलण्याचे. माणूस समोर बसला आहे, आज्ञा देतो आहे, चुकतो आहे, पुन्हा देतो आहे. दुसरे काम लिहिण्याचे. अनेक आज्ञा एका फाइलीत क्रमाने लिहून ठेवावयाच्या आणि त्या माणसाच्या गैरहजेरीतही बिनचूक पार पडाव्यात, अशी अपेक्षा करावयाची. अशा लेखी आज्ञावलीला स्क्रिप्ट म्हणतात. बोलण्यात चतुर असणारा मनुष्य लिहिण्यात काटेकोर असतोच असे नाही. शेलांचेही तसेच आहे.

इतिहास हेच सांगतो. थॉम्प्सन यांचा १९७१ चा शेल अगदी साधा होता. डग मॅक्‌इलरॉय यांच्या कल्पनेतून एका प्रोग्रॅमचे फलित दुसऱ्याच्या हाती देणारा पाइप १९७३ मध्ये युनिक्समध्ये आला आणि शेलचे सामर्थ्य एकदम वाढले. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल बाहेर पडला. त्याने लिहिण्याच्या कामाला खरी भाषा दिली. 'इफ' ने उघडलेले वाक्य त्याच अक्षरांच्या उलट्या क्रमाने, म्हणजे 'फाय' ने, मिटावयाचे ही त्यातील रीत बोर्न यांनी अल्गोल ६८ या भाषेवरून घेतली. गंमत अशी, की 'डू' ची अक्षरे उलटी करून 'ओडी' करता येईना, कारण त्या नावाची एक आज्ञा युनिक्समध्ये आधीच नांदत होती. म्हणून तेथे 'डन' आले. याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत बिल जॉय यांनी सी शेल रचला. मागे दिलेली आज्ञा पुन्हा बोलाविणे, लांब आज्ञेला टोपणनाव देणे, चालू काम मध्येच थांबवून पुन्हा सुरू करणे, या सोयी त्यामुळे लोकप्रिय झाल्या. म्हणजे बोलण्यात सी शेल सरस ठरला. परंतु त्यात स्क्रिप्ट लिहू नये असे जाणकार सांगू लागले. टॉम क्रिस्टियनसन यांनी तर १९९० च्या दशकात या एकाच मुद्द्यावर स्वतंत्र लेख लिहिला आणि तो पुष्कळ गाजला.

पुढील प्रयत्न ही दोन कामे एकत्र साधण्याचे होते. बेल प्रयोगशाळेतच डेव्हिड कॉर्न यांनी १९८३ मध्ये आपला शेल जाहीर केला. ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश १९८९ मध्ये आला आणि पुढे चेट रॅमी यांनी तो दीर्घकाळ सांभाळला. १९९० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थी पॉल फॉलस्टॅड याने झेड शेल लिहिला. १९९२ मध्ये पॉझिक्स या प्रमाणकात शेलची भाषा नेमून देण्यात आली. तिचा पाया बोर्न शेलचा होता आणि काही भर कॉर्न शेलची होती. यालाच आम्ही या लेखात प्रमाण शेल म्हणतो. २००५ मध्ये फिश नावाचा शेल आला. त्याने प्रमाणकाचे बंधन जाणूनबुजून झुगारले आणि नवशिक्याच्या सोयीकडे सारे लक्ष दिले. याच्या नेमका उलट डॅश. त्यात साज नाही, लाड नाहीत. प्रमाण भाषेतील स्क्रिप्ट झपाट्याने चालविणे एवढेच त्याचे व्रत.

आता तुलना. ती रंगरूपावरून न करता वागणुकीवरून करू. समजा, एका चलात 'वार्षिक अंक' हे फाइलीचे नाव साठविले आहे. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा आहे. फाइल पुसण्याच्या आज्ञेला हे चल अवतरणचिन्हांशिवाय दिले, तर बॅश त्या नावाचे दोन तुकडे करतो आणि 'वार्षिक' व 'अंक' अशा दोन निराळ्या फाइली पुसावयास जातो. दुर्दैवाने 'अंक' नावाची दुसरी फाइल तेथे असेल, तर ती निरपराध फाइल जाते आणि जी पुसावयाची ती तशीच राहते. झेड शेल आणि फिश या दोहोंत मात्र हे नाव एकच मानले जाते. तसेच, यादीतील पहिला घटक बॅशमध्ये शून्य क्रमांकाचा, तर झेड शेल आणि फिशमध्ये एक क्रमांकाचा. ताऱ्याचे चिन्ह घालून फाइली मागितल्या आणि तशा फाइली नसल्या, तर बॅश ते चिन्ह जसेच्या तसे पुढे ढकलतो. झेड शेल तेथेच थांबून तक्रार करतो.

या उदाहरणांत झेड शेलची वागणूक अधिक शहाणपणाची आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. बॅशचे भक्त रागावतील. परंतु बॅश निर्दोष आहे असा दावा कोणीच करू नये. त्यात १९८९ पासून दडून राहिलेला एक गंभीर दोष सप्टेंबर २०१४ मध्ये उघडकीस आला आणि जगभरच्या संगणक-व्यवस्थापकांची धावपळ उडाली, हे जगजाहीर आहे. तथापि मुद्दा निराळा आहे. ज्या विद्यार्थ्याचा हात केवळ झेड शेलवर बसला, त्याला अवतरणचिन्हांची सवय लागत नाही. तो उद्या महाविद्यालयात किंवा नोकरीत दुसऱ्याच्या संगणकापुढे बसेल, तेथे बहुधा बॅश किंवा डॅश असेल, आणि जी चूक घरी खपली ती तेथे महागात पडेल. शेल चांगला होता. परंतु त्याच्या चांगुलपणावर विसंबून विद्यार्थी मात्र अर्धवट राहिला.

लिहिण्याच्या बाबतीत एक घटना मननीय आहे. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय वितरणाने २००६ मध्ये आपल्या ६.१० या आवृत्तीत प्रमाण शेलच्या जागी बॅश काढून डॅश बसविला. संगणक लवकर सुरू व्हावा हा हेतू. त्याबरोबर अनेक स्क्रिप्ट एकाएकी चालेनाशा झाल्या. त्यांच्या पहिल्या ओळीत '#!' या चिन्हांपुढे प्रमाण शेलचा पत्ता लिहिलेला होता, पण आतील मजकूर बॅशच्या खास लकबींनी भरलेला होता. दाराला पाटी एकाची आणि घरात वस्ती दुसऱ्याची! दोष डॅशचा नव्हता. आपण कोणत्या भाषेत लिहितो आहोत, हे त्या लेखकांनी स्वतःला विचारले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

येथे आपल्या वाचकांना एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. बेळगावची मराठी निराळी, इंदूरची निराळी, बडोद्याची निराळी. घरी आपण आपापल्या वळणाने बोलतो आणि त्यात कमीपणा मानीत नाही. परंतु याच अंकासाठी लेख लिहावयाचा झाला, की प्रमाण मराठीत लिहितो. कारण तो आपल्या गल्लीबाहेर वाचला जावयाचा असतो. बोली आणि प्रमाणभाषा यांचे वैर नाही, त्यांची स्थाने निराळी आहेत. शेलच्या बाबतीतही एवढे तारतम्य पुरेसे आहे. बोलताना झेड शेल असो, फिश असो. लिहिताना प्रमाण शेल. आणि प्रमाणकाबाहेरची एखादी सोय खरोखरच हवी असेल, तर पहिल्या ओळीत त्या शेलचे नाव प्रामाणिकपणे घालावे.

आता साजाविषयी. शेल सुरू होताना एक फाइल वाचतो. बॅशमध्ये तिच्या नावाचा शेवट 'आरसी' या अक्षरांनी होतो. ही अक्षरे 'रनकॉम' या जुन्या नावाचे अवशेष होत, आणि ते नावही पूझँ यांच्याच १९६० च्या दशकातील प्रोग्रॅमचे. या फाइलीत आपण टोपणनावे, रंग, आज्ञेची वाट पाहणाऱ्या ओळीचे रूप, प्रोग्रॅम कोठे शोधावेत त्या जागांची यादी, असे सारे लिहून ठेवू शकतो. आपण सध्या कोणत्या फोल्डरमध्ये आहोत हे त्या ओळीत दिसणे, रोजच्या लांब आज्ञेला दोन अक्षरी नाव असणे, जुन्या आज्ञा अधिक संख्येने लक्षात राहणे, या सोयी उपयुक्त आहेत आणि त्या जरूर कराव्यात. पुष्कळशा गोष्टी तर कोणताही साज न करता आधीच हजर असतात. टॅबची कळ दाबली की अर्धे नाव पुरे होते. कंट्रोल आणि आर या कळा एकत्र दाबल्या की मागील आज्ञांत शोध घेता येतो. घरात आहे ते न वापरता बाजार धुंडाळण्यात काय अर्थ?

परंतु आज साज म्हणून जे चालते ते बहुधा उसने असते. झेड शेलसाठी तयार साजांचे प्रसिद्ध गाठोडे २००९ पासून उपलब्ध आहे; त्यात शेकडो जोडण्या आहेत. त्यांच्या निर्मात्यांचे श्रम आम्ही कमी लेखीत नाही. आमची तक्रार ते डोळे मिटून उचलण्याविषयी आहे. विद्यार्थी वीस जोडण्या एकदम लावतो. मग शेल उघडावयास वेळ लागू लागतो, प्रत्येक आज्ञेनंतर पडदा क्षणभर अडखळतो, आणि त्याचे कारण त्याला सांगता येत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे, कोठून तरी एक ओळ उतरवून घ्यावयाची आणि दूरच्या संगणकावरची स्क्रिप्ट न वाचता थेट आपल्या शेलच्या हवाली करावयाची. अनोळखी माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या देऊन आपण बाहेर जावे, तसेच हे आहे.

न समजलेली ओळ केवढा अनर्थ करू शकते याचे एक उदाहरण २०१५ मध्ये घडले. संगणकावरील खेळ विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या लिनक्सवरील स्क्रिप्टमध्ये, एका चलात साठविलेल्या फोल्डरच्या आतील सर्व काही पुसावे, अशी आज्ञा होती. काही परिस्थितीत ते चल रिकामे राहिले. रिकाम्या नावापुढे तिरपी रेघ आणि तारा, म्हणजे संगणकाच्या मुळापासून सर्व काही! ज्यांच्यावर हा प्रसंग आला त्यांच्या स्वतःच्या फाइली गेल्या. चल रिकामे असेल तर आज्ञा थांबवावी, अशी सोय प्रमाण शेलच्या भाषेतच आहे. तिचा उपयोग केला असता तर हा प्रसंग टळला असता.

काही साज तर सद्‌हेतूने केलेले असूनही घातक ठरतात. फाइल पुसणाऱ्या आज्ञेलाच 'आधी विचारून मग पूस' असे टोपणनाव देण्याची रूढी आहे. वरवर हे शहाणपणाचे वाटते. पण होते असे, की हाताला सवय लागते ती बेफिकीर आज्ञा देण्याची, कारण शेल विचारणारच आहे हा भरवसा असतो. दुसऱ्या संगणकावर ते टोपणनाव नसते. स्क्रिप्टमध्येही बॅश एरवी टोपणनावे विचारात घेत नाही. तेथे कोणी विचारीत नाही आणि फाइल जाते. म्हणून मूळ आज्ञेचे नाव बदलू नये. सावध आज्ञेला स्वतंत्र नाव द्यावे. ते दुसरीकडे नसेल तर शेल 'अशी आज्ञा नाही' एवढेच म्हणेल आणि नुकसान होणार नाही. तसेच, ज्या शाळांत एकाच खात्यावर अनेक विद्यार्थी आळीपाळीने काम करतात, तेथे एकाचा अलंकार दुसऱ्याच्या पायातील अडथळा होतो, हेही विसरू नये.

यावर कोणी म्हणेल, की ही वडीलधाऱ्यांची नेहमीची कुरकुर झाली. मुलांना रंग आवडतात, रंगांमुळे ती टर्मिनलकडे वळतात. फिश चुकलेली आज्ञा लाल रंगात दाखवितो, पुढची आज्ञा फिकट अक्षरांत सुचवितो, आणि त्यामुळे नवशिक्याची भीती जाते. हा आक्षेप वजनदार आहे आणि आम्ही तो फेटाळून लावीत नाही. भीती घालविणारा शेल हा चांगला शिक्षक होय. पण चांगल्या शिक्षकाचे लक्षण हे, की काही काळाने त्याच्यावाचून विद्यार्थ्याचे चालले पाहिजे. फिशमध्ये आरंभ करण्यास हरकत नाही. फिशपाशीच थांबण्यास आहे.

साज करावयाचाच तर एक साज आपण मराठी मुलांनी अवश्य करावा, असे आम्हांस वाटते. लिनक्समध्ये भाषा व प्रदेश ठरविणारी चले असतात. भारतातील मराठीचा संच बसविलेला असेल आणि ही चले त्याप्रमाणे ठरविली, तर दिनांक विचारणारी आज्ञा महिन्याचे व वाराचे नाव मराठीत सांगते. फाइलींना देवनागरीत नावे देता येतात. अडचणी आहेत. अनेक टर्मिनलांत जोडाक्षरे आणि मात्रा नीट बसत नाहीत, कर्सर भलतीकडेच दिसतो. प्रमाण शेलमध्ये चलांची नावे रोमन लिपीतच द्यावी लागतात. पण या अडचणी ओळखणे आणि त्या दूर करण्याच्या कामी लागणे, हे आपल्याच पिढीचे काम आहे. ते दुसरे कोण करणार? आणि येथेही तोच विवेक हवा. स्क्रिप्ट जर दिनांकाचे शब्द वाचून पुढील निर्णय घेणार असेल, तर तिच्या आरंभी भाषेची चले सर्वसामान्य मूल्यावर आणून ठेवावीत, नाहीतर 'जानेवारी' या शब्दाने ती बिचारी गोंधळून जाईल.

विद्यार्थी मित्रांनो, या विवेचनावरून चार साध्या सूचना निघतात. पहिले काही महिने साजाविना काम करा, म्हणजे मूळ चेहरा ओळखीचा होईल. मग साजाच्या फाइलीत एकेक ओळ घाला आणि तिच्यावर, ती कशासाठी आहे हे स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहून ठेवा. '#' या चिन्हापुढचा मजकूर शेल वाचीत नाही, पण सहा महिन्यांनी तुम्ही वाचाल. जी ओळ स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही ती काढून टाका. अधूनमधून बॅश त्या फाइलीवाचून सुरू करून पाहा. त्यासाठी 'नो-आरसी' हा पर्याय आहे. तेथे हात लुळे पडले, तर साज अंगात मुरला नसून अंगावर चढला आहे असे समजा. आणि दुसऱ्याला देण्याजोगी स्क्रिप्ट झाली, की ती डॅशमध्ये चालवून पाहा. तो खोटी स्तुती करणार नाही.

तात्पर्य, श्रेष्ठ शेल कोणता या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की ज्याच्या वागण्याचे कारण तुम्हांला सांगता येते तो. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनमध्येही २०११ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून कॉर्न शेलच्या परंपरेतला एक छोटा शेल मुकाट्याने काम करीत आला आहे. त्याला रंग नाहीत, बाण नाहीत, चित्रे नाहीत. पण प्रमाण शेलची भाषा ज्याला येते, त्याच्याशी तो ओळखीच्या माणसासारखा बोलेल. ही ओळख आपल्या शाळेतील प्रत्येक मुलामुलीने कमवावी, अशी आमची इच्छा आहे. रंग मग हवे तितके चढविता येतील.